जोडीदाराचे मानसिक आजारपण आणि स्वमदत गट



घरातील कर्त्या माणसाचा पाय मोडला, तर सारे गाव चौकशीला येते. कोणी दूध पाठवितो, कोणी शेतीच्या कामास हातभार लावतो. परंतु त्याच माणसाचे मन आजारी पडले, तो रात्र रात्र जागू लागला, नसलेले आवाज ऐकू लागला, पत्नीवर व शेजाऱ्यांवर नाहक संशय घेऊ लागला, की त्या दाराकडे कोणाची पावले वळत नाहीत. हा दुरावा रुग्णाला जाचतोच. पण त्याच्या जोडीदारालाही तो तितकाच जाचतो. आजच्या भाषणाचा विषय हा जोडीदार आहे.

प्रश्न लहान नाही. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे आढळले. त्याहून चिंताजनक बाब अशी की, आजाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर होते. ज्या घरी औषधच पोहोचले नाही, त्या घरी औषधाच्या जागी जोडीदाराची सहनशक्ती खर्ची पडते.

जोडीदाराचे ओझे वेगळे का?

आईबापांना मूल जन्मापासून ठाऊक असते. जोडीदाराचे नाते मात्र समानतेच्या सोबतीचे असते; आजारपणात ती सोबतच हरवते. कमाई, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, रात्रीचे जागरण हे सर्व एकाच्याच शिरावर येते. पत्नी आजारी असेल, तर तिला माहेरी धाडण्याचा सल्ला नातेवाईक देतात. पती आजारी असेल, तर सुनेच्या पायगुणाला दोष लावतात. पुरुष तर आपले दुःख बहुधा बोलूनच दाखवीत नाही. आणि रुग्णाची गाऱ्हाणी चारचौघांत सांगणे म्हणजे आपल्याच माणसाची बदनामी करणे, असे वाटून दोघेही मुकाट्याने सोसतात.

गटात काय घडते?

या कोंडीवरील एक साधा व अल्पखर्चाचा उपाय म्हणजे स्वमदत गट. समान प्रसंगातून जाणारी दहा-पंधरा माणसे ठरलेल्या दिवशी एकत्र बसतात आणि आपापला अनुभव सांगतात. रुग्ण गोळ्या घेण्याचे नाकारतो तेव्हा काय करावे, आजार उलटण्याची पहिली चिन्हे कोणती, मुलांना काय व किती सांगावे, या प्रश्नांची उत्तरे तेथे अनुभवी माणसाकडून मिळतात. 'हे माझ्याच वाट्याला आले' ही भावना ओसरते, हा त्याचा पहिला लाभ होय.

ही कल्पना जुनी आहे. मद्यासक्तांच्या कुटुंबीयांसाठी अमेरिकेत १९५१ मध्ये 'अल-अनॉन' ही संघटना स्थापन झाली. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालविला. धुळे जिल्ह्यातून कॅनडात गेलेले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्या अनुभवातून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली आणि तिच्या कार्यात स्वमदत गटांना महत्त्वाचे स्थान मिळाले. एका पतीचे दुःख अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडल्याचे हे उदाहरण आहे.

तथापि गटाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. गट हा डॉक्टरांना पर्याय नव्हे. कोणी कोणाची औषधे बदलू वा थांबवू नयेत. गटातील बोलणे गटाबाहेर जाऊ नये. खेड्यात हा नियम मोडला, तर गटही मोडतो. मारहाण होत असेल किंवा कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल, तर पुढील बैठकीची वाट न पाहता तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

कायद्याचा आधार

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णास आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो. तो जोडीदारही असू शकतो. विमा कंपन्यांनी मानसिक आजारास शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावे, अशीही त्यात तरतूद आहे. भूत उतरविण्याच्या नावाखाली रुग्णास बांधणे वा मारणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. आजाराचे नुसते नाव हे विवाहविच्छेदास पुरेसे कारण नाही, त्याचे स्वरूप व तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केले आहे.

आपण काय करू शकता?

गट शोधताना प्रथम जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागात चौकशी करावी. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या 'टेलिमानस' सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णाप्रमाणेच त्याच्या कुटुंबीयांनाही बोलता येते. जवळपास गट नसेल, तर तो सुरू करणे अवघड नाही. ज्या गावांनी बचत गट चालविले, त्यांना नियमित बैठकीची शिस्त शिकवावी लागत नाही. ग्रामपंचायतीने महिन्यातून एक दुपार एखादी खोली द्यावी. बाजाराचा दिवस निवडल्यास आसपासच्या गावांतील माणसांनाही येता येईल. फलकावर 'मनोरुग्णांचे नातेवाईक' असे न लिहिता 'कुटुंब आरोग्य बैठक' असे लिहिल्यास पाऊल टाकणाऱ्याचा संकोच कमी होईल. आरोग्य अधिकाऱ्यांनी अधूनमधून तज्ज्ञास तेथे पाठवावे. वर्गात अचानक गप्प झालेल्या मुलाच्या घरी असे आजारपण आहे काय, याची शिक्षकांनी हळुवारपणे विचारपूस करावी. आशा कार्यकर्तीला घरोघरची परिस्थिती ठाऊक असते. तिने त्या घरातील पत्नीला वा पतीला बैठकीची वेळ सांगावी आणि पहिल्या खेपेस सोबत यावे. एकट्याने येण्याचे धैर्य पुष्कळांना होत नाही, म्हणून ही पहिली सोबत महत्त्वाची आहे.