यंत्राला खांदा नसतो

1897 साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात चार्ल्स हिंटन या गणिताच्या अध्यापकाने बेसबॉल संघाच्या सरावासाठी चेंडू फेकणारी तोफ बनवली. अक्षरशः तोफच, बंदुकीच्या दारूवर चालणारी! चौथ्या मितीवर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाला हे सुचावं, यात नवल नाही.

आजची यंत्रं त्यामानाने गरीब. उलटसुलट दिशांनी गरगरणाऱ्या दोन चाकांच्या फटीत चेंडू सरकवला, की तो सुसाट सुटतो. एका चाकाचा वेग बदलला, की वळतो. आणि कितीही चेंडू टाकले तरी यंत्राचा हात दुखत नाही.

अडचण आहे ती वेळ साधण्याची. ताशी 145 किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण 0.4 सेकंदात फलंदाजापर्यंत पोचतो. त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. म्हणून फलंदाज चेंडू सुटायच्या आधीपासूनच पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचा, पाय, खांदा, मनगट न्याहाळत असतो आणि त्या तालावर स्वतःचा पाय उचलतो. यंत्रापुढे यातलं काहीच दिसत नाही. चेंडू एकदम अंगावर! मग फलंदाज यंत्राचीच लय पाठ करतो आणि खऱ्या पिचरसमोर घाई तरी करतो, नाहीतर उशीर.

यावर उपाय साधा आहे. जाणते प्रशिक्षक चेंडू आधी उंच धरून दाखवतात, हात फिरवतात आणि मगच यंत्रात सोडतात. काही महागड्या यंत्रांपुढे पिचरचं चित्रीकरण दाखवणारा पडदा असतो, त्यातल्या भोकातून चेंडू येतो. आपले क्रिकेटपटू बोलिंग मशिनच्या जोडीला साइडआर्म नावाच्या हातात धरायच्या साधनाने चेंडू फेकणाऱ्या माणसापुढेही सराव करतात. तिथे निदान हात तरी दिसतो.