मागं कोण बसतं?

मैत्रिणींनो, मला भाषण येत नाही. स्पेअर पार्टचे भाव विचारा, तोंडपाठ सांगेन. १९७२ साली निघालेली कायनेटिकची लूना आपल्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला बनायची. तिच्याच ब्रेक केबली बदलत भावाच्या हाताखाली मी काम शिकले.

दुकान काढायचं ठरवलं, तर बँकेत पहिला प्रश्न, ‘मिस्टर कुठायत?’ मुद्राच्या शिशु कर्जाला, म्हणजे पन्नास हजारांपर्यंत, तारण लागत नाही हे मी वाचून गेले होते. तरी चार खेपा झाल्या. सही मात्र माझी एकटीची.

पोरं गाडी मॉडिफाय करायला येतात. पहिली मागणी, ‘साडीगार्ड काढा, बोजड दिसतं.’ १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो, मागच्याला धरायला हँडल, फूटरेस्ट हवा, अन् कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. मी विचारते, ‘मागं कोण बसतं रे? आई? घेऊन ये तिला, तिच्यासमोर काढते.’

बरीच पोरं दुसऱ्या दुकानात जातात. गिऱ्हाईक तुटतं, खोटं कशाला बोलू? परवा मात्र एकजण खरंच आईला घेऊन आला. तिनं नवं गार्ड बसवून घेतलं, अन् घासाघीस करून दहा रुपये कमीच दिले.