रक्तदाब आणि श्वासाची शिस्त



वांगणीतील नोकरदार गृहस्थाचा दिवस पहाटेच्या लोकलला बांधलेला असतो. धावपळीचा प्रवास, अपुरी झोप, घराच्या हप्त्याची चिंता. चाळिशी ओलांडताना याच वाटेने उच्च रक्तदाब निःशब्दपणे शरीरात शिरतो. तो बहुधा दुखत-खुपत नाही. मोजल्यावाचून कळत नाही. वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटे शांत बसून घेतलेल्या नोंदी १४०/९० वा त्याहून अधिक येत राहिल्या, तर डॉक्टरांकडे जाणे अनिवार्य ठरते.

वांगणीहून कर्जत ओलांडून घाट चढला की लोणावळा लागते. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामाची स्थापना केली आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासण्याचा पायंडा पाडला. अनुभवाला मोजमापाची जोड हवी, हा त्या कार्याचा बोध रक्तदाबाच्या रुग्णानेही घ्यावा.

संथ श्वसनाने मज्जासंस्थेवरील ताण उतरतो, हृदयाची गती मंदावते व रक्तवाहिन्या सैलावतात. पाठ ताठ ठेवून नाकाने चार सेकंद श्वास घ्यावा, सहा सेकंदांत सोडावा. मिनिटाला साधारण सहा श्वास, रोज दहा-पंधरा मिनिटे. अनुलोम-विलोमही कुंभकाविना करावा. दाब वाढलेला असताना श्वास रोखणे, भस्त्रिका व वेगवान कपालभाती कटाक्षाने टाळावी. चक्कर आल्यास थांबावे.

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग दिनचर्येतच सांगितला असून मस्तक, कान व पाय यांवर विशेष भर दिला आहे. रात्री कोमट तिळतेलाने तळपाय, पोटऱ्या व खांदे हलक्या हाताने चोळल्यास शरीर सैलावते, झोपेस साहाय्य होते. मात्र गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबू नयेत. एकच पाय सुजून दुखत असेल, तर मर्दन न करता डॉक्टरांना दाखवावे.

या उपायांनी होणारी घट बहुधा थोडीच असते. खरा धोका पुढे आहे. चार दिवस बरे वाटले की गोळी परस्पर बंद केली जाते आणि एखाद्या सकाळी पक्षाघात गाठतो. श्वसन व अभ्यंग हे औषधाचे सोबती आहेत, पर्याय नव्हेत. गोळी कमी करायची ती नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवूनच. दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवणे, तंबाखू सोडणे व रोज चालणे, हेही त्याच साधनेचे अंग.

कर्त्या माणसाच्या आरोग्यावर सारे घर उभे असते. स्वतःची काळजी घेणे हा स्वार्थ नव्हे. ते गृहस्थाश्रमाचे कर्तव्यच होय.