समुद्रशैवाल आणि दाद न देणारे जंतु



उन्हाळ्यांत चायना ग्रास घालून केलेला थंडगार पदार्थ आपणांपैकीं पुष्कळांनीं चाखला असेल. हें चायना ग्रास म्हणजे समुद्रांतील तांबड्या शेवाळाचा अर्क. त्याचें शास्त्रीय नांव अगार. आपल्या छत्रपती संभाजीनगराला समुद्र नाहीं; तरी समुद्रशैवाल आपल्या स्वयंपाकघरांत असें येऊन पोंचलें आहे.

तें रोगचिकित्सेच्या प्रयोगशाळेंतहि आहे. जर्मनींत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या वाल्टर हेस यांचें जिलेटिन उष्णतेनें वितळून जाई. १८८१ च्या सुमारास त्यांच्या पत्नी फॅनी हेस यांनीं स्वयंपाकांतील अगार सुचविला. आजहि पू किंवा लघवी 'कल्चर'साठीं पाठविली म्हणजे जंतु अगारावरच वाढवितात आणि कोणतें औषध त्यांना लागू पडतें तें पाहतात. अनेकदां उत्तर येतें, 'हें औषध लागू नाहीं.' २०१९ या एका वर्षांत अशा दाद न देणाऱ्या जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लक्ष ७० हजार माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

असें कां व्हावें? औषधानें दुबळे जंतु मरतात. योगायोगानें जे टिकाव धरतात त्यांचाच वंश वाढतो. पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानांतच, अपुऱ्या मात्रेनें जंतु निर्ढावतील, असा इशारा दिला होता.

आतां शेवाळाकडे पाहूं. चमचाभर समुद्रपाण्यांत लक्षावधि जंतु असतात. खडकाला चिकटलेल्या शेवाळाला पळतां येत नाहीं. म्हणून अनेक जातींनीं रासायनिक ढाल घडविली आहे. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व लखनौची केंद्रीय औषधि संशोधन संस्था यांतील संशोधकांनीं आपल्या किनाऱ्यावरील समुद्रवनस्पतींचे अर्क काढून त्यांचे औषधी गुण तपासले. ते निष्कर्ष १९८१ सालीं प्रसिद्ध झाले.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील 'डेलिसिया पुल्क्रा' या तांबड्या शेवाळाची युक्ति तर नवलाची आहे. वर्गांत एकटा मुलगा दंगा करीत नाहीं; आपण पुष्कळ आहोंत असें कळलें कीं सारे उठतात. जंतूंचेंहि तसेंच. रासायनिक खुणांनीं ते परस्परांची संख्या अजमावतात आणि मग हल्ला करतात. या शेवाळांतील फ्युरॅनोन नांवाचीं द्रव्यें त्या खुणाच बिघडवितात, असें १९९६ सालीं दाखविण्यांत आलें. येथें जंतूला मारावयाचें नाहीं. केवळ त्यांचा संकेत तोडावयाचा. त्यामुळें निर्ढावलेल्यांनाच वाव मिळण्याचा प्रकार कमी होईल, अशी आशा वाटली.

पण आशा म्हणजे औषध नव्हे. हीं द्रव्यें मानवी पेशींनाहि अपायकारक ठरूं शकतात. शिवाय जंतु याही उपायाला चकवूं शकतात, असें पुढील प्रयोगांत आढळलें. प्रयोगशाळेंतील बशीपासून रोग्याच्या खाटेपर्यंतची वाट फार लांब आहे. तेव्हां शेवाळाचे अर्क विकत घेऊन घरींच उपचार करूं नयेत.

समुद्र नवें शस्त्र देईल तेव्हां देईल. तोंवर हातांतलें शस्त्र बोथट न करणें आपल्याकडे आहे. साधी सर्दी विषाणूंमुळें होते. तिच्यावर प्रतिजैविकांचा उपयोग नाहीं. वैद्यांच्या चिठ्ठीवांचून तीं घेऊं नयेत, सांगितल्याप्रमाणेंच घ्यावींत, आणि उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊं नयेत. आपण आज वायां घालविलेली गोळी उद्यां आपल्याच नातवाला उपयोगी पडेनाशी होईल.