मीठ, सोडा आणि आपले आरोग्य

(संस्थेच्या वर्षावासातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत लिपिक म्हणून नोकरी करतो. म्हणून औषधांविषयी मी बोलणार नाही. तो डॉक्टरांचा अधिकार. परंतु हिशेब मांडणे हे माझे रोजचे काम आहे. आज आपल्या घरातील मिठाचा आणि सोड्याचा हिशेब मी आपणापुढे मांडणार आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात भाजी-आमटीतले, लोणच्या-पापडातले, पाव-बिस्किटातले आणि फरसाणातले सर्व मीठ आले. आपल्या देशात मात्र माणशी रोज ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जाते, असे निरनिराळ्या पाहण्यांतून दिसून आले आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर मंजूर रकमेच्या जवळजवळ दुप्पट उचल आपण रोज करीत आहोत. या उचलीची वसुली आपल्या रक्तवाहिन्यांकडून होते.

ती कशी होते, हे थोडक्यात पाहू. मिठात सुमारे ४० टक्के सोडियम असते. सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. वर्षानुवर्षे असा ताण राहिला की हृदय, मूत्रपिंड आणि मेंदू यांना इजा पोहोचते. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून जास्त राहू लागला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. ताप येत नाही, दुखत नाही. म्हणून माणूस तपासणीला जात नाही.

“वय झाले की प्रेशर व्हायचेच,” असे आपण सहज म्हणून जातो. १९८८ साली ३२ देशांतील ५२ ठिकाणच्या १० हजारांहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात ब्राझीलच्या जंगलातील यानोमामी लोकही होते. हे लोक मीठ जवळजवळ वापरतच नाहीत, आणि त्यांचा रक्तदाब वयाबरोबर वाढत नाही, असे आढळले. त्यांचे राहणीमान आपल्यापेक्षा वेगळे आहे हे खरे. तरीही रक्तदाब हा केवळ वयाचा दोष नव्हे, एवढे यावरून नक्की कळते.

बंधू-भगिनींनो, बँकेत आम्हाला एक प्रसंग अधूनमधून पाहावा लागतो. खातेदाराला पक्षाघाताचा झटका आलेला असतो. उजवा हात चालत नाही आणि सही जुळत नाही. मग दोन साक्षीदारांसमोर अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे द्यावे लागतात. आपल्या आजोबांच्या पिढीने अंगठाच उठवला. आपल्या आई-वडिलांनी उपाशी राहून आपल्याला सही करायला शिकवले. ती सही चाळिशी-पन्नाशीत हातातून जावी, यासारखे दुसरे दुःख कोणते? घरात कमावता माणूस एकच असतो. तो अंथरुणाला खिळला की प्रथम शिक्षण थांबते ते मुलीचे. पक्षाघाताला इतरही कारणे आहेत. परंतु वाढलेला रक्तदाब हे त्यांतले सर्वांत मोठे कारण आहे, आणि ते बऱ्याच अंशी आपल्या हातातले आहे.

आपल्याकडे मीठ इतके का खाल्ले जाते, याचाही विचार केला पाहिजे. ज्या घरात भाजीला पैसा नव्हता, त्या घरात मीठ-मिरची हेच कोरड्यास होते. ठेचा, लोणच्याची फोड किंवा खारवलेला सुका मासा यांच्या जोरावर दोन भाकरी पोटात जात. तो गरिबीचा इलाज होता आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. आता पगार आला, भाजी आली, डाळ आली. पण जिभेची सवय मात्र तीच राहिली. तिच्यावर शेव, चिवडा, वेफर्स आणि झटपट नूडल्स यांची भर पडली. आजोबा दिवसभर उन्हात घाम गाळीत. आपण पंख्याखाली खुर्चीत बसतो आणि मीठ त्यांच्यापेक्षा अधिक खातो.

आता सोड्याकडे वळतो. मराठीत ‘सोडा’ या एका शब्दाचे दोन अर्थ होतात आणि दोन्ही आपल्या विषयाचे आहेत.

पहिला खाण्याचा सोडा. त्याची चव खारट लागत नसल्यामुळे तो कोणी मिठात धरीत नाही. परंतु त्यातही सुमारे २७ टक्के सोडियम असते. ढोकळा, भजी, पापडातील पापडखार आणि पित्तावर घेतली जाणारी फसफसणारी पावडर, या सर्वांतून सोडियम पोटात जाते. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा टाकला तर ‘ब’ गटातील थायमिन हे जीवनसत्त्वही नष्ट होते. त्यापेक्षा डाळ अगोदर भिजत घालावी आणि कुकरला लावावी.

दुसरा सोडा बाटलीतला. येथे माझे बोलणे विशेषतः विद्यार्थ्यांसाठी आहे. गोड शीतपेयात १०० मिलिलिटरमागे साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे २६ ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे साखर झाली. एवढी साखर घातलेला चहा आपण तोंडाला लावणार नाही. परंतु थंडपणामुळे आणि आंबटपणामुळे ती कळत नाही. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. एकाच बाटलीत ती मर्यादा संपली! वाढदिवस असो वा परीक्षेचा निकाल, ‘थंडा’ पाजल्याशिवाय मान राहत नाही ही समजूत सोडा. त्याच पैशांत केळी येतात, ताक येते.

उपाय सोपा आहे आणि त्याला खर्च नाही. मिठाची पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. घरात चार मोठी माणसे असतील तर दिवसाचे २० ग्रॅम, म्हणजे १ किलोची पिशवी किमान ५० दिवस पुरली पाहिजे. बाहेरचे खाणे आणि फरसाण वेगळे असल्यामुळे ती त्याहून जास्त दिवस पुरणे योग्य. तुमची पिशवी महिन्याच्या आत संपत असेल, तर खाते तुटीत आहे असे समजा. ही नोंद शाळेत जाणारी मुलेही ठेवू शकतील.

त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात. ताटात वरून मीठ घेणे बंद करावे. भात आणि कणीक यांत मीठ घालू नये. पापड किंवा लोणचे यांपैकी एकच घ्यावे, तेही रोज नको. लिंबू, कोकम, लसूण, कोथिंबीर आणि कमी मिठाची जवसाची चटणी यांनी चव येते. पाकिटावर सोडियमचा आकडा असेल तर त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ कळते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. मीठ आयोडीनयुक्तच वापरावे. सैंधव आणि पादेलोण हीही मीठच आहेत. ती जास्त खाल्ली तर चालतात, हा गैरसमज आहे.

पुरुष मंडळींना एक विनंती. घरात मीठ कमी झाले की “आज भाजी अळणी का?” म्हणून स्वयंपाक करणारीला बोल लावला जातो. बिचारी दुसऱ्या दिवशी चिमूटभर जास्तच टाकते. ही सुधारणा तिच्यावर ढकलून होणार नाही. ताटावर बसलेल्याने प्रथम जीभ आवरली पाहिजे.

दोन सूचना महत्त्वाच्या आहेत. रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. तसेच जुलाब होत असताना मीठ-साखरेचे पाणी टाळू नका. तेथे ते जीव वाचवते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी बाजारातले कमी सोडियमचे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब तपासून घ्यावा. सरकारी आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत.

जिभेची सवय एका दिवसात जात नाही. संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तो भगवान बुद्धांकडे आला. तथागतांनी त्याला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने ती गाथा जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्यासाठी सुदस्सन नावाच्या तरुणाला नेमले आणि हळूहळू भात कमी करीत नेला. शरीर हलके झाले. राजाला जे हळूहळू जमले ते आपल्यालाही जमेल. मीठ थोडे थोडे कमी केले तर काही आठवड्यांत जिभेला तेच गोड लागते, पुढे जुने जेवण खारट वाटू लागते.

विद्यार्थी मित्रांनो, सुदस्सनाचे काम तुम्ही घरी करा. आजच पिशवीवर तारीख लिहा आणि पन्नास दिवसांनी मला हिशेब दाखवा. एवढे बोलून मी आपली रजा घेतो. जयभीम!