मानधन नव्हे, नवी वेठ
(अकोल्यातील युवक शिबिरात केलेले भाषण)



मी आशा आहे. अकोल्याजवळच्या एका खेड्यात अकरा वर्षं दारोदार फिरते आहे. सरकारी कागदावर मी कामगार नाही, स्वयंसेविका आहे. या शब्दाचं सोंग आज उतरवायचं आहे.

चळवळीत आपण सतरंज्या उचलतो, रातभर पोस्टरं चिकटवतो. ही स्वयंसेवा. आपल्या मर्जीची. तिचे पैसे कोणी मागत नाही. पण अर्ध्या रात्री गरोदर बाईला दवाखान्यात न्या, सर्वे अमुक तारखेच्या आत द्या, मिटिंगला आली नाही तर खुलासा द्या, ही कुठली मर्जी? हा हुकूम आहे. २००५ साली योजना आली तेव्हापासून आम्हाला पगार नाही. मानधन अन् कामागणिक मोबदला. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्यात, नवजात पोराचं वजन घ्यायला डोंगर चढणारी बाईही स्वयंसेविकाच.

ही भाषा आपल्या आज्या-पणज्यांच्या ओळखीची आहे. सांगावा पोचवा, मेलेलं ढोर ओढा, अन् बदल्यात शिळा तुकडा घ्या. त्याला गावाने 'मान' म्हटलं. आता त्याला 'धन' जोडलं, झालं मानधन! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात महारवतनाविरुद्ध बिल आणलं. संविधानाच्या २३व्या कलमाने वेठबिगारीला बंदी केली. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच.

आता कामाचं ऐका.

आमच्यातल्या एकीचा एका साहेबाने हात धरला. तक्रार करायला गेली तर उत्तर मिळालं, "तू कोठी नोकरीवर हायेस बाई? तक्रार कायची करतं?" हे उत्तर खोटं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३चा कायदा स्वेच्छेने काम करणारीलाही कर्मचारीच मानतो, पैसे मिळोत न मिळोत. कामासाठी जिथं जावं लागतं ती जागाही त्यात येते. तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. कचेरीत समिती नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

कोणी चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे. तो तुमची पगाराची पावती विचारत नाही. २०१८च्या दुरुस्तीनंतर गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. ठाणेदार म्हणाला "आधी चौकशी करतो", तर त्याला हे सांगा. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवायला लावा, मग सही करा, अन् नक्कल घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.

अंगणवाडीच्या बायांनाही हेच ऐकवलं गेलं की तुम्ही मानसेवी. त्या कोर्टात लढल्या. २५ एप्रिल २०२२ला सुप्रीम कोर्टाने त्यांना १९७२च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. त्यांचं मानधन हे वेतनच धरलं. म्हणजे नाव काहीही ठेवा, काम बोलतं!

आशांनी जून २०२१मध्ये, कोरोनाच्या काळात, राज्यभर काम बंद केलं. २०२४च्या थंडीत आझाद मैदानावर ठाण मांडलं, तेव्हा मार्चमध्ये सरकारने महिन्याला पाच हजारांची वाढ मान्य केली. कोणी दान दिलं नाही. पण कामगाराचा दर्जा दिला नाही, तो नाहीच दिला. ती लढाई बाकी आहे.

तुम्ही शहरातली शिकलेली पोरं. तुमच्यापैकी कितीकांची माय, मावशी, वहिनी हेच काम करते. तिला वही घेऊन द्या. कोणत्या तारखेला, कोणी, कोणतं काम सांगितलं, किती तास गेले, पैसे कधी आले, रोज लिहा. तोंडी हुकूम आला तर म्हणा, "साहेब, लेखी द्या." अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. अन् एकटी जाऊ नका. दहाजणी जा, युनियन घेऊन जा.

अन् एक गोष्ट तुमच्यासाठी. एखादी संस्था, एखादा पुढारी तुम्हालाही 'स्वयंसेवक' म्हणून राबवेल. तेव्हा विचारा: नाही म्हटलं तर चालेल का? चालत असेल तर ती सेवा. चालत नसेल तर तिचा दाम मागा.

जय भीम!