दोन्ही काटे एकदम चढले तर
(कोल्हापूर जिल्हा बैठकीतील भाषण)



मागच्या बैठकीला तुम्ही दोन तास ताटकळलात, त्याचा हिशेब आधी देतो. आपली जुनी अॅम्बॅसडर गगनबावड्याच्या रस्त्यावर बंद पडली. काटा टाकीत इंधन दाखवत होता, टाकी कोरडी ठाक. त्याआधी महिनाभर पाण्याचा काटाही चढलेला, म्हणून दिसेल त्या विहिरीवर थांबून आम्ही थंड इंजिनाला पाणी पाजत होतो! मेस्त्रीने थर्मोस्टॅट बदलला, मग टाकीतला फ्लोट. पैसे गेले, काटे तसेच.

आम्ही शेतकी शिकलेली माणसं. उसाचं जुनं पान आधी पिवळं पडलं तर नत्र बघा, कोवळं पडलं तर लोह बघा, असं शिवारात सांगत हिंडतो. पण दोन काटे एकदम चढले तर दोघांत सामाईक काय, हे विचारायचं आम्हालाच सुचलं नाही.

सामाईक असते डॅशबोर्डमागची एक डबी. चालू गाडीत १४ व्होल्टपर्यंत दाब असतो, या काट्यांना सरासरी १० लागतात. डबीत दोन धातूंची जोडपट्टी, तिच्यावर तापणारी तार. पट्टी तापली की वाकून वीज तोडते, निवली की जोडते. काटे मुळातच सुस्त, त्यांना ही उघडझाप कळत नाही. पण टोकं चिकटली तर वीज तुटत नाही, आणि डबीची अर्थिंग गंजली तर तार तापतच नाही. मग सगळा दाब काट्यांवर.

म्हणून आधी अर्थिंगची जागा घासून स्क्रू आवळा. त्याला पैसा लागत नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर ७८१० ही तीन पायांची चिप घाला. तीत पट्टी नाही, ठिणगी नाही. छापील बाजू समोर, पाय खाली धरले की डावा पाय बॅटरीचा, मधला अर्थ, उजवा काट्यांचा. बॅटरी सोडवूनच काम करा. येणाऱ्या तारेत फ्यूज, पायांजवळ दोन लहान कपॅसिटर द्या. चिपची पाठ पत्र्याला आवळा, नाहीतर तापून ती बंद पडते.

पत्र्याला बॅटरीचं धन टोक जोडलेली फार जुनी गाडी असेल तर ही चिप लावू नका. काही गाड्यांचे काटे ५ व्होल्टचे असतात, तेही आधी बघा. मोजणी इंजिन चालू ठेवून करा. १० द्यायला चिपला १२ च्या आसपास लागतात. आपल्या पंपासारखंच, वरूनच कमी आलं तर ती पुढं काय देणार?

आपल्या गाडीत ती बसवली आहे. काल टाकीत काठी घालून पाहिलं, काठी आणि काटा जुळले. ज्यांचे काटे चढलेत त्यांनी बैठक संपल्यावर गाडी घेऊन थांबावं.